इंग्रजीचा तास आणि मुलांच्या भाषा

शालान्त परीक्षेचा निकाल लागला की दोन-चार दिवस आपल्याकडे इंग्रजीची चर्चा होते. इंग्रजी आणि गणित या दोन विषयांनी किती मुलांची वाट अडविली याची विचारपूस होते. शिक्षक पाठ्यपुस्तकाकडे बोट दाखवितात, पालक शिक्षकाकडे, आणि शिक्षणखाते नव्या प्रशिक्षणवर्गाची घोषणा करते. पुढे पावसाळा सुरू होतो, शाळा भरतात, आणि इंग्रजीचा तास गेल्या वर्षी जसा चालला होता तसाच पुन्हा चालू लागतो.

गेल्या शंभर वर्षांत इंग्रजी शिकविण्याच्या अनेक पद्धती आपल्याकडे आल्या आणि गेल्या. इंग्रजी कोणत्या इयत्तेपासून शिकवावे याचे निर्णयही वारंवार बदलले. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काळात मुंबई राज्यात इंग्रजीचा आरंभ आठवीपर्यंत लांबला होता. महाराष्ट्र स्थापन झाल्यावर तो पाचवीवर आला. आणि जून २००० पासून राज्यातील सर्व माध्यमांच्या शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले. त्या जूनमध्ये पहिलीच्या बाकावर बसलेल्या मुलांनी आज तिशी ओलांडली आहे. त्यांची स्वतःची मुले शाळेत जाऊ लागली आहेत. एका पिढीने दहा वर्षे इंग्रजीचे धडे गिरविले, पण अर्जाच्या चार ओळी स्वतःच्या मनाने लिहिण्याची वेळ आली की त्यातील पुष्कळांचा हात अजूनही अडखळतो. 'असर' या ग्रामीण भारतापुरत्या पाहणीत २०१६ साली आठवीतील निम्म्याहून कमी मुलांना साधी इंग्रजी वाक्ये वाचता आली. आरंभ तीन-चार इयत्ता अलीकडे ओढल्याने प्रश्न सुटत नाही, एवढे तरी यावरून मान्य करावयास हरकत नसावी. मग दोष कोठे आहे?

भिवंडीतील मूल

याचा शोध घेण्यास भिवंडीसारखे दुसरे गाव क्वचितच सापडेल. २०११ च्या जनगणनेत सात लाखांवर लोकवस्ती नोंदलेले हे यंत्रमागांचे शहर अनेक भाषांच्या वस्तीने बनलेले आहे. भोवतालच्या गावांतून आगरी बोली ऐकू येते. जुन्या कोकणी मुसलमान घराण्यांची बोली वेगळी. उत्तर प्रदेशातून आलेल्या मोमीन विणकरांची उर्दू वेगळी. पद्मानगरात तेलंगणातून आलेल्या पद्मशाली कुटुंबांची तेलुगू चालते. मागावर काम करणाऱ्या पूर्वेकडील कामगारांच्या खोल्यांतून भोजपुरी व अवधी कानी पडते. मराठी, उर्दू, हिंदी, तेलुगू अशा निरनिराळ्या माध्यमांच्या शाळा या गावात आहेत, आणि आता गल्लोगल्ली इंग्रजी माध्यमाच्या पाट्याही लागल्या आहेत.

या गावातील दहा वर्षांचे मूल घरी एक भाषा बोलते, गल्लीत दुसऱ्या भाषेत खेळते, दुकानात तिसऱ्या भाषेत हिशेब करते आणि शाळेत कदाचित चौथ्या भाषेत कविता म्हणते. यातील कोणतीही भाषा त्याला नियम पाठ करून आलेली नाही. ज्या मुलाने शाळेबाहेर दोन-तीन भाषा आपल्या बळावर आत्मसात केल्या, तेच मूल शाळेत दहा वर्षे शिकूनही एका भाषेत मुके राहते. त्याला भाषेची बुद्धी नाही, असे म्हणण्याचे धाडस कोणी करू नये. जे गल्लीला साधले ते शाळेला का साधले नाही, हाच या विषयातील खरा प्रश्न आहे.

भाषांतर करतो कोण?

आपल्या बहुसंख्य वर्गांत इंग्रजीचा तास कसा चालतो, हे शिक्षकांना सांगावयास नको. गुरुजी पुस्तकातील वाक्य वाचतात, त्याचा अर्थ मराठीत किंवा उर्दूत सांगतात, पुढचे वाक्य वाचतात. धडा संपला की कठीण शब्दांचे अर्थ फळ्यावर येतात, मुले ते उतरवून घेतात. प्रश्नांची उत्तरे गुरुजी सांगतात किंवा गाईडातून घेतली जातात. दुसऱ्या दिवशी दहा शब्दांची स्पेलिंगे विचारली जातात. आठवड्यातून एकदा व्याकरण असते. त्यात कर्तरी वाक्याचे कर्मणी करावयाचे आणि काळांचे तक्ते म्हणावयाचे.

या प्रकाराला भाषांतर-पद्धती असे नाव देऊन तिच्यावर टीका करण्याची रूढी आहे. वास्तविक हा त्या जुन्या पद्धतीवर अन्याय आहे. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमाला घेऊन ज्या पिढ्या इंग्रजी शिकल्या त्या स्वतः भाषांतर करीत. मराठी वाक्य समोर ठेवून त्याला इंग्रजी रूप कसे द्यावे यासाठी विद्यार्थ्याला डोके खाजवावे लागे. चुकले तर का चुकले हे दोन्ही भाषा शेजारी ठेवून पाहावे लागे. त्या अभ्यासातून बोलणे फारसे येत नसे, हे खरे. परंतु वाचणे येई, आणि मराठीचीही जाण वाढे. आजच्या तासाला भाषांतर करतात ते गुरुजी. मुलाच्या वाट्याला भाषांतराचे फक्त उत्तर येते. मुलाच्या कानाचा अनुभव पाहिला तर चाळीस मिनिटांच्या या तासात तीस मिनिटे मराठी वा उर्दू ऐकणे होते, आणि उरलेल्या दहा मिनिटांत अर्थ न कळलेल्या इंग्रजीचा सामुदायिक घोष. स्वतःला काही सांगावयाचे आहे म्हणून इंग्रजी वाक्य जुळविण्याचा प्रसंग त्याच्यावर वर्षभरात एकदाही येत नाही.

पद्धती आल्या आणि गेल्या

विसाव्या शतकातील सुधारकांना हे दिसत नव्हते असे नाही. १९२० नंतरच्या दशकात मायकेल वेस्ट यांनी ढाक्यात बंगाली मुलांना शिकविताना असे मत मांडले की, या मुलांना प्रथम वाचता आले पाहिजे. त्यासाठी त्यांनी मोजक्या शब्दांत लिहिलेली वाचनमाला तयार केली. त्याच सुमारास हॅरॉल्ड पामर जपानमध्ये तोंडी कामावर भर देत होते. स्वातंत्र्यानंतर १९५० च्या दशकात मद्रासकडून वाक्यरचनांची पद्धती देशभर पसरली. सोप्या रचनेकडून कठीण रचनेकडे जावे, वस्तू दाखवून व कृती करून वाक्य बोलावे, मातृभाषेचा आधार शक्यतो घेऊ नये, असे तिचे सूत्र होते. १९५८ साली हैदराबादेस केंद्रीय इंग्रजी संस्था निघाली. तिचेच पुढे विद्यापीठ झाले. नंतर संभाषणात्मक पद्धतीचा बोलबाला झाला आणि पाठ्यपुस्तकांत संवाद, चित्रे व कृती आल्या.

या प्रत्येक विचारात काही तथ्य होते. तथापि प्रत्येक पद्धत प्रशिक्षणवर्गाच्या दारातून निघून साठ मुलांच्या वर्गात पोचेपर्यंत तिचे रूप बदलले. वाचनमालेचा धडा झाला आणि धड्याचे गाईड झाले. 'धिस इज ए पेन' हे वाक्य हातात पेन धरून म्हणावयाचे होते, ते पेनाशिवाय घोकले गेले. संवाद बोलण्यासाठी छापले होते. ते वहीत उतरवून घेण्यात आले. पाठ्यपुस्तकात कृती आल्या, तेव्हा कृतींचीही तयार उत्तरे बाजारात आली. याचा दोष शिक्षकाच्या आळसाकडे ढकलणे सोपे आहे, पण ते खरे नाही. साठ मुले, चाळीस मिनिटे, जनगणनेपासून निवडणुकीपर्यंतची कामे आणि वर्षअखेरीस धड्यातीलच प्रश्न विचारणारी परीक्षा ही चौकट कायम राहिली, आणि त्या चौकटीत जे बसते तेच शिक्षकाने केले.

या बाबतीत एक भारतीय प्रयोग आपल्या शिक्षकांना अधिक परिचित असावयास हवा होता. १९७९ ते १९८४ या काळात एन. एस. प्रभू यांनी बंगळूर व दक्षिणेतील अन्य ठिकाणच्या सामान्य शाळांत एक वेगळा मार्ग चोखाळून पाहिला. त्यांनी वर्गासमोर व्याकरणाचा धडा ठेवला नाही. एखादे कोडे ठेवले. रेल्वेचे वेळापत्रक किंवा नकाशा देऊन मुलांना इंग्रजीतून असे प्रश्न विचारले की ज्यांचे उत्तर विचार करूनच काढावे लागेल. मुलाचे लक्ष उत्तराकडे, आणि भाषा त्या ओघात कानावर व जिभेवर, अशी ती कल्पना होती. पुढे १९९० साली प्रभूंनी एका लेखात, सर्वांसाठी सर्वोत्तम अशी एकच पद्धत नसतेच, असे प्रतिपादन केले. शिक्षकाला आपण जे करतो आहोत त्यात अर्थ दिसतो की नाही यावर शिकविण्याचा कस ठरतो, असा त्यांचा आशय होता. पद्धत वरून पाठवून वर्ग बदलत नाही, या आपल्या शतकभराच्या अनुभवाशी तो जुळणारा आहे.

दुसरे टोक

अर्थावाचून घोकंपट्टी हे एक टोक, तर घरच्या भाषेला वर्गात बंदी हे दुसरे. इंग्रजी माध्यमाच्या अनेक लहान शाळांतून आवारात इंग्रजीच बोलावे असा नियम असतो. न पाळणाऱ्यास दंड होतो. मागावर बारा-बारा तास उभे राहणारा बाप पोटाला चिमटा घेऊन अशा शाळेची फी भरतो. त्याला दोष देणे हे ज्यांना इंग्रजी येते त्यांना शोभत नाही. इंग्रजी ही सामाजिक उन्नतीची वाट आहे, हे सावित्रीबाई फुले यांनीही एकोणिसाव्या शतकातच सांगून ठेवले होते. या बापाने ती वाट ओळखली आहे. त्याची फसगत पुढे होते. घरात इंग्रजी नाही, गल्लीत नाही, शिकविणाऱ्या तरुण शिक्षिकेलाही ते पुरते अवगत नाही, आणि मराठी, उर्दू वा तेलुगू बोलण्यास मनाई! असे मूल गप्प बसते. विज्ञानातील वाक्य ते इंग्रजीत पाठ करते, पण त्याचा अर्थ कोणत्याच भाषेत सांगू शकत नाही. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने २००५ साली वर्गातील अनेक भाषा हे शिक्षणाचे साधन मानले. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने शक्य तेथे निदान पाचवीपर्यंत घरची भाषा माध्यम असावी असे म्हटले. कागदावर हे सर्व मान्य आहे. वर्गात मात्र घरची भाषा एक तर इंग्रजीची जागा अडविते किंवा दाराबाहेर उभी असते. तिचा उपयोग करून घेणे हा तिसरा मार्ग आहे.

हाताशी असलेले साधन

हा तिसरा मार्ग म्हणजे काय, ते दोन-तीन साध्या उदाहरणांनी स्पष्ट होईल. इंग्रजीत 'वुई आर गोइंग टू कल्याण' हे वाक्य घ्या. मराठी मुलाला येथे प्रश्न पडला पाहिजे की, हे 'आम्ही' की 'आपण'? ज्याच्याशी बोलणे चालले आहे तो बरोबर येणार की नाही? तेलुगू मुलालाही हाच प्रश्न पडेल, कारण त्याच्या भाषेत 'मेमु' आणि 'मनम्' असे दोन शब्द आहेत. उर्दू किंवा हिंदी बोलणाऱ्या मुलाला तो पडणार नाही. त्याचा 'हम' इंग्रजी 'वुई'सारखाच दोन्ही अर्थ सांभाळतो. हा भेद मुलांनीच मुलांना सांगितला तर एका सर्वनामाचा धडा दहा मिनिटांत होतो आणि जन्मभर टिकतो.

क्रियापदाचेही तसेच आहे. मराठीत 'तिने ग्रंथ वाचला' आणि 'तिने पोथी वाचली'. भूतकाळात क्रियापद वाचलेल्या वस्तूच्या मागे जाते. उर्दूतही 'उसने किताब पढ़ी' असेच होते. तेलुगूत ते वाचणाऱ्याच्या मागे जाते. इंग्रजीत भूतकाळी ते कोणाच्याच मागे जात नाही, आणि वर्तमानकाळात एकाच ठिकाणी 'स' चिकटतो. आपापल्या भाषेत काय होते हे मुलांनी तपासून सांगितले की इंग्रजीतील तो 'स' का विसरला जातो हे त्यांचे त्यांनाच कळते. 'द' या उपपदासारखे दुसरे उपपद तर यातील एकाही भाषेत नाही. म्हणून ते सर्वांकडूनच गळते. लाल शाईने शंभर वेळा दुरुस्त करण्यापेक्षा एकदा हे समजावून देणे अधिक उपयोगाचे.

शब्दांच्या बाबतीत तर भिवंडीचे मूल श्रीमंतच आहे. 'बीम' या शब्दाचा अर्थ आपण वर्गात तुळई किंवा किरण असा पाठ करावयास लावतो. त्याच्या घरी बीम म्हणजे ताण्याचे सूत गुंडाळलेला मोठा रूळ! 'शटल' म्हणजे धोटा, इकडून तिकडे सतत जाणारा. म्हणून दोन ठिकाणांमध्ये येरझारा घालणाऱ्या गाडीलाही शटल का म्हणतात हे त्याला निराळे सांगावे लागत नाही. बॉबिन, कोन, सायझिंग, वॉर्पिंग हे शब्द त्याचे आहेत. ते इंग्रजी आहेत एवढेच त्याला कोणी सांगितलेले नसते. ज्या भाषेला तो परकी समजून भितो, तिचे पन्नासएक शब्द त्याच्या घरात राबत आहेत, ही जाणीव पहिल्या दिवशी करून दिली तर अर्धी भीती तेथेच ओसरेल.

काय करता येईल

यासाठी अभ्यासक्रम फेकून देण्याची किंवा यंत्रसामग्रीची गरज नाही. तासाची पहिली दहा मिनिटे शिक्षकाने सोप्या इंग्रजीत एक गोष्ट सांगावी. अडेल तेथे घरच्या भाषेतला एखादा शब्द घालावा आणि पुढे जावे. पुष्कळ ऐकल्यावाचून कोणालाही कोणतीही भाषा आलेली नाही. आठवड्यातून एक तास धडा बाजूला ठेवून प्रभूंच्या वर्गासारखे एखादे काम द्यावे. भिवंडी रोड स्थानकावरून वसईकडे आणि दिव्याकडे जाणाऱ्या गाड्यांचे वेळापत्रक, कापडाच्या गठ्ठ्यावरील चिठ्ठी, औषधाच्या बाटलीवरील सूचना, विजेचे बिल ही या गावातील खरीखुरी पाठ्यपुस्तके आहेत. मुलांनी चर्चा आपल्या भाषेत करावी, उत्तर मात्र इंग्रजीत द्यावे. भाषांतरही अवश्य करावे. मात्र ते मुलांनी करावे, आणि दोन मुलांची दोन उत्तरे शेजारी ठेवून त्यांवर बोलावे. वर्गात सोप्या गोष्टींची वीस-पंचवीस पुस्तके फिरती असावीत, आणि त्यांवर प्रश्नोत्तरे नसावीत.

मग व्याकरण सोडावयाचे काय, असा आक्षेप येईल. व्याकरण सोडावयाचे नाही. त्याचा क्रम बदलावयाचा आहे. वापरलेल्या वाक्याचे व्याकरण मुलाला समजते. न वापरलेल्या वाक्याचे व्याकरण केवळ परीक्षेपुरते राहते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. अभ्यासक्रम पुरा कसा होणार, आणि परीक्षेचे काय?

येथे आपण मूळ दुखण्याशी येतो. मार्च २०१९ च्या शालान्त परीक्षेत भाषा विषयांचे वीस तोंडी गुण काढून टाकण्यात आले आणि संपूर्ण गुण लेखी परीक्षेस दिले गेले. त्या वर्षी राज्याचा निकाल आदल्या वर्षीच्या ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० टक्क्यांवर आला, ओरड झाली, पुढच्या वर्षी ते गुण परत मिळाले आणि निकाल ९५.३० टक्क्यांवर गेला. या सर्व वादात गुण द्यावेत की काढावेत एवढ्यावरच बोलणे झाले. ते वीस गुण मुलाला खरोखर बोलता येते काय हे पाहून दिले जावेत, असा आग्रह क्वचितच कोणी धरला. तोंडी परीक्षा ही दक्षिणा समजून वाटली गेली, आणि भाषा बोलावयाची असते हे ठसविण्याची एकमेव जागा आपण हातची घालविली. लेखी परीक्षेत न वाचलेल्या उताऱ्याला अधिक वजन द्यावे, शब्दकोश वापरू द्यावा आणि तोंडी परीक्षा शेजारच्या शाळेतील शिक्षकाने घ्यावी. एवढे तीन बदल झाले तर गाईडाचा निम्मा धंदा आपोआप बसेल आणि वर्गातील चौकट थोडी सैल होईल.

शिक्षकाचे इंग्रजी हाही अवघड, पण टाळता न येणारा मुद्दा आहे. पहिलीपासून इंग्रजी शिकविण्याचा भार ज्यांच्यावर पडला त्यांतील अनेकांना स्वतः इंग्रजी बोलण्याची कधी संधीच मिळाली नव्हती. त्यांना पद्धतींवरील व्याख्यानांपेक्षा स्वतः वाचण्या-बोलण्यासाठी वेळ हवा आहे. महिन्यातून एक शनिवार निरनिराळ्या माध्यमांच्या शाळांतील इंग्रजीच्या शिक्षकांनी एकत्र बसावे आणि आपल्या वर्गात काय जमले, काय फसले हे एकमेकांस सांगावे. उर्दू शाळेतील शिक्षक आणि मराठी शाळेतील शिक्षक एकाच गावात वर्षानुवर्षे तोच विषय शिकवितात आणि एकमेकांचे तोंडही पाहत नाहीत, ही स्थिती भिवंडीला तरी भूषणावह नाही.

गेल्या काही वर्षांत मानकोली, काल्हेर, राहनाळच्या बाजूस गोदामांची मोठी वसाहत उभी राहिली आहे. देशातील बाजारपेठेचा माल तेथून हलतो, आणि त्यावरील चिठ्ठ्या, याद्या व संगणकावरील नोंदी इंग्रजीत असतात. भिवंडीच्या शाळांतून निघालेला मुलगा त्या गोदामात खोकी उचलण्यास जाणार की ती यादी वाचून हिशेब ठेवण्यास, हे पुष्कळ अंशी शाळेतील इंग्रजीच्या तासाला ठरते. त्याची बहीण तर दहावीत या एका विषयात अडली की बहुधा घरीच बसते. म्हणून हा प्रश्न केवळ इंग्रजीच्या अध्यापकांचा नाही. पुढच्या जूनमध्ये नवी पद्धत येवो वा न येवो. पहिल्या तासाला गुरुजींनी पुस्तक उघडण्यापूर्वी वर्गात कोणाच्या घरी कोणती भाषा बोलतात एवढे विचारावे आणि ती उत्तरे फळ्यावर मांडावीत. सुधारणेचा आरंभ तेथून करता येईल, आणि त्याला कोणत्याही परिपत्रकाची वाट पाहावी लागणार नाही.